ट्रंकेची किल्ली

फाळणीचा धडा शिकवायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अवघड. सोपा अशासाठी की त्यात सनावळ्या आणि आकडे असतात, आणि परीक्षेत तेच विचारतात. ३ जून १९४७ ला माउंटबॅटन योजना जाहीर झाली, १४ आणि १५ ऑगस्टला दोन देश जन्मले, १७ ऑगस्टला रॅडक्लिफ रेषा जाहीर झाली. सव्वा ते दीड कोटी माणसं इकडून तिकडे नि तिकडून इकडे गेली, लाखो मेली. फळ्यावर लिहून दिलं की मुलं मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. अवघड अशासाठी, की घर सुटणं म्हणजे काय, हे ह्यात कुठेच येत नाही. एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, "बाई, पण ती माणसं परत का नाही गेली?" आणि मग आपल्यापाशी सनावळ्या असतात, उत्तर नसतं.

कल्याणच्या एका शाळेत मी तीसहून अधिक वर्षं इतिहास शिकवला. ह्या प्रश्नाचं उत्तर मला जे काही सापडलं ते पुस्तकात नाही, एका मालिकेच्या एका भागात सापडलं. मालिका 'तमस'. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना ती आठवत असेल. नव्या मंडळींसाठी थोडं सांगते.

भीष्म साहनींची 'तमस' ही हिंदी कादंबरी. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावर गोविंद निहलानींनी केलेली मालिका दूरदर्शनवर जानेवारी १९८८ मध्ये सुरू झाली. तेव्हा दूरदर्शन म्हणजे घरातलं एकमेव चॅनल, त्यामुळे अख्खा देश एका वेळी एकच गोष्ट बघत असे. 'तमस'वरून गदारोळ झाला, मालिका बंद करा म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बघितली आणि ती दाखवायला हरकत नाही असा निर्णय दिला. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कायम केला. लोकांना इतिहास सोसत नाही असं धरून चालणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. असो.

गोष्ट आहे फाळणीच्या थोडी आधीची, पश्चिम पंजाबातल्या एका शहराची आणि त्याच्या आजूबाजूच्या खेड्यांची. नाव घेतलेलं नाही, पण मागे आहे ते रावळपिंडी. मार्च १९४७ मध्ये तिथे खरोखरच भयंकर दंगली झाल्या होत्या. नथू नावाच्या कातडी कमावणाऱ्या माणसाकडून एक ठेकेदार डुक्कर मारून घेतो, ते मशिदीच्या पायरीवर सापडतं, आणि सगळं पेटतं. नथू म्हणजे ओम पुरी. बहुतेकांच्या लक्षात राहतो तो तोच. मला मात्र राहून राहून आठवतात ते हरनामसिंग आणि बंतो.

हरनामसिंग आणि त्याची बायको बंतो हे एका लहानशा मुसलमान वस्तीतलं एकुलतं एक शीख जोडपं. चहाचं दुकान, मागे राहायची जागा. वीसेक वर्षं तिथेच काढलेली. दंगलीची बातमी येते तेव्हा बंतो म्हणते, चला निघू, मुलांकडे जाऊ. हरनामसिंगला ते पटत नाही. आपण कोणाचं काय वाईट केलंय? इथे प्रत्येक माणूस आपल्याला ओळखतो. आणि त्याचं म्हणणं खरंच असतं. गावातलं कोणी त्याच्या अंगावर येत नाही. उलट करीमखान नावाचा जुना स्नेही येऊन त्याला सावध करतो, की गावचे काही करणार नाहीत, पण बाहेरून माणसं येणार आहेत, आणि त्यांना आम्ही अडवू शकणार नाही.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. घर जातं ते असं. शेजाऱ्याने हात उगारल्यावर नाही, शेजाऱ्याने हात टेकल्यावर.

दोघं म्हातारी अंगावरच्या कपड्यांनिशी निघतात. थोड्याच वेळात मागे दुकान जळताना दिसतं. रात्रभर नाल्याकाठाने चालून पहाटे एका दुसऱ्या वस्तीत पोचतात आणि पहिल्या दिसलेल्या घराची कडी वाजवतात. दार उघडते ती राजो, त्या मुसलमान घरातली कर्ती बाई. घरातले पुरुष बाहेर गेलेले. कशाला गेलेत हे राजोला माहीत आहे, म्हणूनच ती क्षणभर घुटमळते. आणि मग म्हणते, या आत. (मालिकेत आणि कादंबरीत तपशिलाचा फरक आहे. मी इथे सांगते तो मुख्यतः कादंबरीच्या आधाराने.)

ती त्यांना प्यायला लस्सी देऊ करते आणि तीच अवघडते, की ह्यांना आमच्या भांड्यातलं चालेल का. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या लहानपणी दारात येणाऱ्यांसाठी वेगळा पेला ठेवणारी घरं मी पाहिलेली आहेत. ज्यांचं दुकान रात्री जळलं, त्यांचाही हात त्या भांड्यापाशी एक क्षण थांबतो. मग दोघं पितात. बाहेर धर्माच्या नावाने आग लागलेली आणि आत एका पेल्यात जन्मभराचा नियम मोडलेला. साहनींनी ह्यावर भाष्य केलेलं नाही, नुसतं दाखवलं आहे.

राजो त्यांना माळ्यावर लपवते. दुपारी नवरा एहसान अली घरी येतो, डोक्यावर लुटीची एक मोठी ट्रंक घेऊन. सून हौसेने कुलूप तोडायला बसते. आणि वरून हरनामसिंगचा आवाज येतो, की पोरी, कुलूप कशाला तोडतेस, ही घे किल्ली. ट्रंक आमचीच आहे.

मंडळी, मी हा प्रसंग कितीदा पाहिला आणि वाचला असेल, पण इथे आले की थांबते. त्या माणसापाशी घरातलं उरलंय काय, तर एक किल्ली. आणि तीही तो देऊन टाकतो. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. चांगलं कुलूप उगाच फुटू नये, इतक्या साध्या संसारी विचाराने. गृहस्थ गृहस्थच राहतो, घर गेलं तरी.

पुढे जे होतं ते त्याहून विचार करायला लावणारं आहे. एहसान अली हरनामसिंगला ओळखतो. दोघांचा पूर्वी देण्याघेण्याचा व्यवहार झालेला. तो शरमतो. अनोळखी सरदाराची ट्रंक लुटताना त्याला काही वाटलेलं नव्हतं, पण ट्रंकेला मालक फुटला आणि मालक ओळखीचा निघाला. तो दोघांना भुशाच्या कोठडीत लपायला सांगतो, कारण मुलगा रमजान तापट आहे. रमजानला कळतंच. तो कुऱ्हाड घेऊन दारावर घाव घालतो, दार उघडतं, समोर हरनामसिंग उभा. आणि रमजानचा हात उचलत नाही. रस्त्यात गाठून काफर म्हणून मारणं त्याला जमलं असतं. आपल्याच घरात आसरा घेतलेल्या, तोंडओळखीच्या म्हाताऱ्याला मारणं जमत नाही.

आपल्या मराठीत 'ओळख' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, मी कोण आहे ते. दुसरा, कोणी मला जाणतं ते. त्या मार्च महिन्यात पहिली ओळख माणसांना मारत होती आणि दुसरी वाचवत होती. हरनामसिंग शीख आहे म्हणून त्याचं दुकान जळलं आणि तो हरनामसिंग आहे म्हणून तो जगला.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच ती खोटी वाटत नाही. राजो त्यांना ठेवून घेऊ शकत नाही. रात्री ती त्यांना वस्तीबाहेरपर्यंत सोडायला जाते. त्यांची बंदूक परत देते, ट्रंकेतून निघालेले दागिनेही बंतोच्या हातात ठेवते, की तुमचेच आहेत, पुढे उपयोगी पडतील. आणि परत फिरते. ती मोठ्या मनाची आहे, पण तिचं घर हे त्यांचं घर होऊ शकत नाही. जीव वाचवण्याइतकी ओळख शिल्लक होती, राहू देण्याइतकी नव्हती. "बाई, ती परत का नाही गेली?" ह्याचं उत्तर मला इथे मिळालं. परत जायचं ते भिंतींकडे नसतं. आपल्याला ओळखणं पुरेसं असलेल्या माणसांकडे परत जायचं असतं. भिंती कदाचित तशाच होत्या, ते पुरेसं असणं संपलं होतं.

हा प्रसंग इतका खरा का उतरला ह्याचंही कारण आहे. मालिकेतला हरनामसिंग म्हणजे स्वतः भीष्म साहनी. बंतो म्हणजे दीना पाठक आणि राजो सुरेखा सिक्री (ह्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला). साहनींचा जन्म १९१५ चा, रावळपिंडीचा. मार्च १९४७ च्या दंगलीनंतर त्यांनी तिथे मदतकार्यात काम केलं होतं. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याचा सोहळा बघायला म्हणून ते दिल्लीला आले आणि मागे रस्ताच बंद झाला. सोहळा बघून घरी परतायचं, एवढाच बेत असणार. निहलानींचा जन्म १९४० चा, कराचीचा. फाळणीत त्यांचं कुटुंब उदेपूरला आलं. लिहिणारा, दिग्दर्शन करणारा, दोघांचंही घर रेषेच्या पलीकडे राहिलेलं. किल्ली खाली टाकणारा तो हात नटाचा नव्हता, असं मला नेहमी वाटतं.

आणि आता आमच्या भागाचा संबंध, जो माझ्या बऱ्याच नातेवाइकांनाही ठाऊक नाही. फाळणीनंतर वीस-बावीस वर्षं साहनींनी ही कादंबरी लिहिली नव्हती. मे १९७० मध्ये भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. ती किती भीषण होती हे न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात आहे. दंगलीनंतर साहनी आपले थोरले बंधू, नट बलराज साहनी, यांच्याबरोबर भिवंडीला गेले. तिथल्या जळक्या, ओसाड गल्ल्या पाहून त्यांना रावळपिंडी आठवली, आणि त्यातून 'तमस' लिहायला सुरुवात झाली. कल्याणहून भिवंडी ती किती लांब? एसटीने जेवढ्या वेळात पोचतो तेवढी. रावळपिंडीची गोष्ट लिहायला लावणारा धूर आमच्या खाडीपलीकडे निघाला होता.

कादंबरीच्या शेवटाकडे मदतकेंद्रात एक बाबू बसलेला आहे. त्याला लोक आपापली कहाणी सांगू लागतात आणि तो म्हणतो कहाणी नको, आकडे सांगा. माणसं किती गेली, माल किती गेला. एकजण म्हणतो, माझ्या बायकोने विहिरीत उडी घेतली, तिच्या हातात सोन्याच्या बांगड्या आहेत, त्या काढून मिळतील का. हे वाचून आपण हादरतो, पण ते मनाने रचलेलं नाही. रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात मार्च १९४७ मध्ये नव्वदच्या आसपास बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या, ही इतिहासात नोंदलेली घटना आहे. कादंबरीत त्या बायकांमध्ये हरनामसिंग आणि बंतोची मुलगी जसबीरही आहे. म्हणजे ज्या मुलांकडे जाऊ म्हणून ती दोघं निघाली, ते घरही नव्हतंच. ...आणि बाबूच्या वहीत ह्याचा एक आकडा झाला. मी त्या बाबूला दोष देत नाही. इतिहासाची शिक्षिका म्हणून मीसुद्धा त्याच्याच खात्यातली.

आता थोडं आमच्या शेजाऱ्यांबद्दल. कल्याणच्या दक्षिणेला दुसऱ्या महायुद्धात लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधमधून आलेले लाखाच्या आसपास निर्वासित राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचं नामकरण झालं, उल्हास नदीवरून उल्हासनगर. नाव छान दिलं. पण लोकांच्या तोंडी राहिला तो 'कॅम्प'. आजही रिक्षावाल्याला आपण "कॅम्प नंबर तीन" म्हणूनच सांगतो. जिथे तीन पिढ्या जन्मल्या, लग्नं झाली, कारखाने उभे राहिले, त्या जागेला अजून छावणी म्हणायचं!

पंजाबची फाळणी झाली म्हणजे निदान अर्धा पंजाब इकडे राहिला. सिंधचे तुकडे झाले नाहीत, अख्खा प्रांत तिकडे गेला. जो सिंध १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होता, त्यातून आलेल्या हिंदूंना इथे स्वतःचं म्हणावं असं राज्य मिळालं नाही. त्यांची भाषासुद्धा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात १९६७ मध्ये आली. म्हणजे सतरा वर्षं त्या परिशिष्टात त्यांना जागा नव्हती.

आमच्या शाळेत एक सिंधी सर होते, विज्ञान शिकवायचे. 'तमस' चालू असताना आमच्या स्टाफरूममध्ये रविवारनंतरच्या पहिल्या तासाला दुसरा विषय नसे. एका सोमवारी ते म्हणाले, "आमचे वडील काल-परवा पहिल्यांदा बोलले." त्यांचं घर हैदराबादचं, म्हणजे सिंधमधल्या हैदराबादचं. तिथे घरांच्या छपरांवर वारा खाली खेचून घेणारे झरोके असत, त्यांना मंघ म्हणतात. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि ह्यांनी निघायचं ठरवलं. वडिलांनी घराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या मुसलमान मित्राला दिली, झाडांना पाणी घाला, महिन्याभरात येतो म्हणून. किल्ली बरोबर आणली असती तर कायमचं चाललोय असा अर्थ झाला असता, म्हणून आणली नाही. पुढे सरकारने मागे राहिलेल्या मालमत्तेचे 'क्लेम' मागवले. जमीन किती, बांधकाम किती, किंमत किती. त्यांनी सगळं भरलं. मंघ कुठल्या रकान्यात लिहायचा ते त्यांना कळेना. नुकसानभरपाईच्या रकमेतून बराकीतल्या खोलीची किंमत वळती झाली आणि हिशेब मिटला. चाळीस वर्षं ते त्या घराबद्दल घरात बोलले नव्हते. हरनामसिंगने किल्ली खाली दिली तेव्हा बोलले.

सरांनी हे सांगितल्यावर आमच्यापैकी कोणीच काही बोललं नाही. घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गावर गेलो.

ही माणसं आली तेव्हा कल्याणकरांनी त्यांना कसं घेतलं, हा प्रश्न मी नंतर आमच्या जुन्या पिढीला मुद्दाम विचारत राहिले. उत्तरं दोन्ही प्रकारची मिळाली. स्टेशनवर पिठलं-भाकरी घेऊन गेलेल्या बायका होत्या. आणि "कॅम्पातल्या माणसाशी व्यवहार जपून" असं सांगणारी घरंही होती. कित्येकदा ही दोन्ही माणसं एकाच घरातली, राजो आणि एहसान अलीसारखी. पापड विकणाऱ्या बाईकडून आपण पापड घेतले, जीन्सच्या कारखान्यात आपली मुलं कामाला लागली, पण 'निर्वासित' हा शब्द कितीतरी वर्षं त्यांच्या नावाला चिकटून राहिला. घर सोडायला एक रात्र लागली, नवं घर मिळायला मात्र लोकांच्या तोंडातला शब्द बदलावा लागतो, आणि त्याला पिढ्या लागतात.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी फाळणीचा धडा वेगळ्या रीतीने घेत असे. सनावळ्या घ्यायचेच, परीक्षा कोणाला चुकली आहे? पण आधी मुलांना ट्रंकेची गोष्ट सांगायचे आणि घरी जाऊन आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारायला लावायचे, की आपण इथे कुठून आलो, का आलो, आणि आल्यावर पहिलं दार कोणी उघडलं. वर्गात सिंधी मुलं होती, कोकणातून गिरणीसाठी आलेल्यांची मुलं होती, कोयनेच्या धरणात गाव गेलेल्यांची होती, उत्तर प्रदेशातून आलेल्यांची होती. पिढ्यान्‌पिढ्या कल्याणचीच असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघत. दुसऱ्या दिवशी वर्गात जो गलका व्हायचा, तसा इतिहासाच्या तासाला एरवी कधी झाला नाही. एक मुलगी उभी राहून म्हणाली होती, "बाई, आमच्या आजीला पहिल्या दिवशी पाणी कोणी दिलं ते अजून आठवतंय. त्या बाईचं नाव पण आठवतंय." धरण, वर्ष, गाव हे काही त्या मुलीला नीट सांगता आलं नाही. पाणी देणारीचं नाव मात्र तिने बिनचूक सांगितलं.

'तमस' आता यूट्यूबवर बघायला मिळते. नातवंडांबरोबर बघा, थोडी मोठी झाली असतील तर. त्यात हिंसा आहे, मन घट्ट करून बघावी लागते. पण हरनामसिंग-बंतोचा भाग चुकवू नका. आणि तुमच्याही घरात कोणाला आठवत असेल, की दूरच्या गावी आल्यावर पहिलं दार कोणी उघडलं, तर त्या माणसाचं नाव कुठेतरी लिहून ठेवा. दारं बंद करणाऱ्यांची नावं इतिहासात आपोआप येतात. उघडणाऱ्यांची आपणच लिहावी लागतात.